खुंटी

चावी समोरच्या घरात मिळेल, असं धक्क्यावर कळलं.
समोर घरं तीन. तिन्ही लाकडी, तिन्हींतून धूर,
आणि पाऊस इतका बारीक की
पडतोय म्हणावं तर दिसत नाही,
नाही म्हणावं तर चष्मा पुसून रुमाल ओला.
चिलोएचं हे धाकटं बेट.
परतीची बोट साडेचारला.

दुसऱ्या घरातून एदेल्मीरा ग्वेन्तेओ आल्या,
हाताची बटाट्याची माती एप्रनला पुसत.
किल्ली केवढी!
तिनं दार उघडण्यापेक्षा
कुणाला चार रट्टे द्यावेत अशी.

दार उघडलं तसा आधी वास आला,
ओल्या लाकडाचा, मेणाचा, खाडीचा.
मी सवयीनं बूट काढायला वाकलो.
त्या हसल्या, जमीन गार आहे, खुणेनं म्हणाल्या.
तरी काढले.

मग वर पाहिलं.
छत नव्हतंच ते.
होडी होती, पालथी, बरगड्यांसकट.
इथल्या माणसांना होड्याच बांधता येत होत्या;
देवासाठी घर बांधा म्हटल्यावर
येत होतं तेच त्यांनी केलं
आणि उलटं घातलं.

खांबांवर संगमरवराचं रंगकाम.
टकटक केलं तर लाकूडच.
स्वतःच्याच लग्नात उसना कोट घालून
ताठ उभा राहिलेला नवरदेव जसा.

एदेल्मीरांनी हवेत हातोडा मारला,
मग तर्जनी हलवली : नाही.
खिळा एकही नाही.

माझे वडील सुतार होते.
खिळा म्हणजे घाई, म्हणायचे.
कूस सालात नीट बसली
की लाकूड आपलं भांडण आपण मिटवतं.
मी खिळ्याच्याही पुढची घाई केली,
विमा कंपनीत लागलो.
चौतीस वर्षं
लोकांच्या पडझडीच्या किमती ठरवल्या.

सवय जात नाही.
मनातल्या मनात नोंदी सुरू झाल्या :
पश्चिमेची भिंत, खालून कुजकी.
डावीकडचा तिसरा खांब, किंचित कललेला.
आगीचा धोका, फार.
किंमत
आणि त्या रकान्यापाशी
मी नुसताच उभा राहिलो, ओल्या मोज्यांत.

वेदीजवळ मारिया. लाकडाची,
पण केस खरे, काळेभोर, कमरेपर्यंत.
एदेल्मीरांनी आधी त्या केसांकडे बोट केलं
आणि मग स्वतःच्या पांढऱ्या, आखूड केसांकडे.
नवस कसला होता, मी विचारलं नाही.
माझ्याजवळ त्यांच्या भाषेतले शब्द वीसेक,
त्यातले निम्मे जेवणाचे.

माळ्याच्या जिन्याशी एक खुंटी बाहेर आली होती.
त्यांनी बाकाखालून लाकडी हातोडा काढला,
माझ्या उंचीकडे पाहिलं
आणि विचारपूस न करता हातात दिला.
(माझे हात पाहिले असते तर दिला नसता.)

पहिला घाव निसटला.
दुसरा अंगठ्यावर.
"आई गं!"
त्या छताखाली उमटलेली पहिली मराठी
बहुधा एवढीच.
मारियानं मान वळवली नाही.
एदेल्मीरा मात्र गडगडून हसल्या
आणि पुन्हा, अशी मान हलवली.

तिसऱ्या घावाला आवाज बदलला.
कोरडा ठक होता तो भरीव झाला.
बसली.
मी आणखी एक मारायला हात उचलला नाही.
पुरे, हे हाताला कळलं होतं,
आणि हाताला हे कळतं
हे मला साठीत कळत होतं.

साडेचारला बोट निघाली.
पिशवीत त्यांनी कोंबलेले चार बटाटे,
जांभळे, अजून माती लागलेले.
अंगठा ठणकत होता.
नख काळं पडणार, सुटणार,
नवं यायला सहा महिने तरी लागणार.

वडिलांचं एखादं
कायम तसं असायचं.